सुंदर शॉट मुद्दाम मोडला: आँरी स्टॉर्क आणि 1933 ची बोरिनाजची फिल्म

डॉक्युमेंटरीवर बोलणं सुरू झालं की आपल्याकडे फ्लाहर्टी, ग्रिअर्सन, व्हेर्तोव्ह एवढी नावं येतात आणि गाडी पुढे जाते, बेल्जियमच्या आँरी स्टॉर्कचं नाव फारसं कुणी घेत नाही. त्याच्या पूर्ण आयुष्यावर लिहायचं तर साठ वर्षांचं काम मांडावं लागेल. मला त्यातलं एकच प्रकरण नीट उलगडायचंय, 1933 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात बेल्जियमच्या कोळसा पट्ट्यात त्याने योरिस इव्हन्सबरोबर केलेली फिल्म, ‘मिझेर ओ बोरिनाज’, म्हणजे बोरिनाजमधली हलाखी. जेमतेम अर्ध्या तासाची मूकफिल्म आहे. दुसऱ्याचं दुःख कॅमेऱ्यात कसं घ्यायचं, हा प्रश्न या माणसांना प्रत्येक शॉटला पडला आणि त्यांनी त्याचं उत्तर काम करता करता शोधलं, त्यामुळे फिल्म शिकणाऱ्या कुणालाही हे प्रकरण माहीत असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आधी माणूस कोण ते बघू. स्टॉर्क 1907 मध्ये ओस्टेंडला जन्मला. ओस्टेंड म्हणजे उत्तर समुद्राच्या काठावरचं शहर, श्रीमंतांनी उन्हाळ्यात हवा खायला यायचं ठिकाण. घरचं चपला-बुटांचं दुकान. पण याची बैठक चित्रकारांमध्ये, जेम्स एन्सॉर, स्पिलियार्ट, पेर्मेके अशी माणसं त्याच गावात राहत होती आणि हा पोरसवदा मुलगा त्यांच्यात वावरत होता. फ्लाहर्टीची ‘मोआना’ बघून तो पेटला, 1928 मध्ये गावातच फिल्म क्लब काढला आणि लगेच स्वतः कॅमेरा हातात घेतला. ‘इमाज द’ओस्टेंड’ ही त्याची सुरुवातीची फिल्म म्हणजे नुसती वाळू, लाटा, बंदर, वारा, फेस. गोष्ट नाही, माणसं जवळजवळ नाहीतच, पण फ्रेम अशी की चित्रकारांच्या संगतीत डोळा तयार झालाय हे लगेच कळतं. नंतर ओस्टेंड नगरपालिकेने त्याला शहराचा अधिकृत फिल्मवाला म्हणून नेमलं, मग समुद्रकिनाऱ्यावरची गर्दी, सणसमारंभ, मासेमारी असं सगळं तो टिपत राहिला.

हे सांगायचं कारण एवढंच की सुंदर शॉट घेणं या माणसाच्या हातात होतं, आणि पुढे बोरिनाजमध्ये त्याने ते सौंदर्य बाजूला ठेवलं ते येत नव्हतं म्हणून नाही, ठरवून ठेवलं.

मधे दोन गोष्टी घडल्या. एक, 1932 ची ‘इस्त्वार द्यु सोल्दा ऑंकॉन्यू’, म्हणजे अनाम सैनिकाची कथा. यात स्वतः काही शूट न करता त्याने 1928 सालच्या न्यूजरील्सचे तुकडे जोडले. त्या वर्षी युद्ध बेकायदेशीर ठरवणाऱ्या केलॉग-ब्रियां करारावर देशोदेशींच्या पुढाऱ्यांनी सह्या केल्या होत्या, आणि त्याच वर्षीच्या न्यूजरीलमध्ये लष्करी संचलनं, तोफा, आशीर्वाद देणारे धर्मगुरू पण होते. हे सगळं शेजारीशेजारी ठेवलं की वेगळं भाषण द्यायची गरजच उरत नाही. फ्रान्सच्या सेन्सॉरने ती अडवली. दुसरी गोष्ट फ्रेंच दिग्दर्शक ज्यां व्हिगोची मैत्री. ‘झेरो द कोंद्वित’च्या शूटिंगला स्टॉर्क त्याच्या मदतीला होता आणि त्यात त्याने पाद्र्याची छोटी भूमिका पण केली. त्या फिल्मवर फ्रान्समध्ये जी बंदी आली ती महायुद्ध संपेपर्यंत उठली नाही. म्हणजे बोरिनाजला जाण्याआधीच या पंचविशीतल्या मुलाने सरकार आणि सिनेमा यांची टक्कर दोनदा जवळून बघितली होती.

आता बोरिनाज. मॉन्स शहराच्या पश्चिमेचा हा कोळशाचा पट्टा, फ्रान्सची हद्द लागूनच. वाम, क्येम, केरेन्यों, फ्रामेरी अशी एकाला एक चिकटलेली गावं, आणि मधे खाणीतून काढलेल्या टाकाऊ दगडमातीच्या काळ्या टेकड्या. व्हॅन गॉग चित्रकार होण्याआधी इथेच धर्मप्रचारक म्हणून राहून गेलाय, 1879-80 च्या सुमारास. जागतिक मंदी आली, कोळशाला उठाव नाही, मालकांनी मजुरी कापली, परत कापली, आणि 1932 च्या उन्हाळ्यात बोरिनाजमधून संप पेटला तो बघता बघता वालोनियाच्या, म्हणजे बेल्जियमच्या फ्रेंच बोलणाऱ्या दक्षिण भागाच्या, इतर औद्योगिक पट्ट्यांत पसरला. सैन्य आणि जांदार्म पोलीस रस्त्यावर आले. संप संपला पण खरी शिक्षा त्यानंतर सुरू झाली. जे पुढे होते त्यांना काळ्या यादीत टाकलं, परत कामावर घेतलंच नाही. आणि घरं कंपनीची, म्हणजे काम गेलं की भाडं थकतं आणि मग छप्पर पण जातं. नवऱ्याची नोकरी, राहायची खोली, चुलीतला कोळसा, तिन्ही एकाच मालकाच्या हातात.

या सगळ्यात बातमी बाहेर कोणी आणली हे बघण्यासारखं आहे. तिथला एक डॉक्टर, पॉल एनबेर, खाणकामगारांच्या घरी जाऊन उपचार करायचा. तपासायला गेलं की त्याला औषधाने बरा होणारा आजार दिसायचा नाही, उपासमार दिसायची. त्याने एक छोटी पुस्तिका लिहिली, लव्हां द मोंस या खाणीच्या परिसरात लोक भुकेने कसे मरतायत याची. दुसरा माणूस ज्यां फोंतेन, ब्रुसेल्सचा वकील, पकडलेल्या संपकऱ्यांचे खटले लढवणारा, डाव्या चळवळीतला. आणि तिसरा आंद्रे तिरिफे, ब्रुसेल्सच्या ‘क्लब द लेक्रां’ या फिल्म क्लबचा चालक. फिल्म व्हायला पाहिजे हा धोशा मुख्यतः तिरिफेचा, पैसे क्लबने आणि ओळखीच्या लोकांनी उभे केले, स्टॉर्कला विचारलं, आणि स्टॉर्कने इव्हन्सला बोलावलं. इव्हन्स डच, वयाने आठ-नऊ वर्षांनी मोठा, ‘पूल’ आणि ‘पाऊस’ या फिल्म्समुळे युरोपभर माहीत झालेला.

आज बऱ्याच ठिकाणी ही फिल्म इव्हन्सची म्हणूनच सांगितली जाते, स्टॉर्कचं नाव मागे येतं. मला हे पटत नाही. इव्हन्सचा वाटा मोठा आहेच, राजकीय भान त्याचं जास्त पक्कं होतं. पण या फिल्मला दारं उघडून दिली ती डॉक्टरने, वकिलाने आणि क्लबच्या माणसांनी. कुठल्या घरात जायचं, कुणाला काय विचारायचं, हे बाहेरून आलेल्या दिग्दर्शकाला कसं कळणार, एनबेर ज्या दारातून रोज आत जात होता त्याच दारातून कॅमेरा आत गेला, आणि हे जाळं बेल्जियन होतं, स्टॉर्कच्या ओळखीपाळखीचं होतं.

शूटिंग जवळजवळ लपूनछपून झालं. खाण कंपन्यांचे पहारेकरी आणि पोलीस मागावर, त्यामुळे हातात धरायचे लहान कॅमेरे, मुक्काम कामगारांच्या घरात, आणि तो सुद्धा एका जागी फार दिवस नाही. शूट झालेली रिळं गावात ठेवायची नाहीत, लवकरात लवकर ब्रुसेल्सला रवाना करायची, म्हणजे उद्या पकडले गेलो तरी कालचं काम वाचेल. बोलपट येऊन काही वर्षं झाली होती तरी ही फिल्म मूक आहे, कारण आवाजासकट शूट करायला पैसे नव्हते आणि ते धूड घेऊन लपता पण आलं नसतं. कॅमेरामन फ्रांस्वा रेंत बरोबर होता. एवढीच टीम.

आणि इथे या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा निर्णय येतो. इव्हन्सने पुढे आपल्या आठवणींमध्ये लिहिलंय की एका खोलीत शूट करताना खिडकीची रेखीव सावली टेबलावरच्या मळक्या चिंध्या आणि खरकट्या भांड्यांवर पडली होती, आणि त्या सावलीने ती घाण एकदम देखणी दिसायला लागली. कुठलाही कॅमेरामन अशा उजेडाची तासभर वाट बघेल. यांनी त्या सावलीच्या कडा मोडून टाकल्या, मगच शॉट घेतला. बघणाऱ्याने वा काय उजेड आहे म्हणायचं आणि त्या वा म्हणण्यात तिथे राहणारी बाई विसरायची, हे त्यांना नको होतं. तिचं हाल होणं आपल्या कलेचा माल बनवणं म्हणजे तिचा अपमान, अशी त्यांची भूमिका. ओस्टेंडच्या वाळूवरचा उजेड टिपणाऱ्या स्टॉर्कला हे किती जड गेलं असेल याचा विचार केला की मला त्याच्याबद्दल आदर वाटतो. फिल्म बघताना हे जाणवतं पण. फ्रेम साधी, समोरून घेतलेली. एका पलंगावर किती पोरं झोपतात ते दिसतं, भिंतीची ओल दिसते, आई दिसते, कॅमेरा तिथे थांबतो आणि कसलीही करामत करत नाही.

मात्र साधी फ्रेम म्हणजे साधी फिल्म असं नाही. विचार सगळा मांडणीत आहे, आणि तिथे अनाम सैनिकाच्या फिल्ममधला स्टॉर्क दिसतो. सुरुवातीला बोरिनाज नाहीच, मंदीतलं जग आहे. दूध ओतून दिलं जातंय, धान्य नष्ट केलं जातंय, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या अँब्रिजमध्ये पोलीस संपकऱ्यांवर तुटून पडतायत. मग आपण बोरिनाजमध्ये येतो आणि तिथे तेच गणित छोट्या मापात दिसतं. खाणीच्या आवारात न विकल्या गेलेल्या कोळशाचे ढीग पडून, त्यावर पहारा, आणि ज्यांनी तो कोळसा वर काढला तीच माणसं पहाटे काळ्या टेकडीवर वाकून दगडांतून कोळशाचे तुकडे वेचतायत. कंपनीची घरं कुलूप लावून रिकामी, आणि त्यातून काढलेली कुटुंबं बाहेर. प्रत्येक वेळी वस्तू आहे आणि गरजू माणूस पण आहे, दोघांच्या मधे मालकी उभी आहे. मला ही फिल्म नुसती गरिबीची वाटत नाही ती यामुळेच. गरिबीचं चित्र बघून दया येते, इथे कारण कळतं.

आता वादाचा मुद्दा. यातले काही प्रसंग पुन्हा घडवून शूट केलेले आहेत. जप्तीचा प्रसंग घ्या. कोर्टाचा बेलिफ सामान जप्त करायला येतो, सोबत पोलीस. तेवढ्यात शेजारीपाजारी एकेक करून घरात शिरतात आणि खुर्ची, पलंग, जे काय असेल त्यावर बसून घेतात. माणूस बसलेली खुर्ची बेलिफ उचलणार कशी, तो हात हलवत परत जातो. ही युक्ती कामगारांनी खरोखर वापरलेली होती. पण खरी जप्ती चालू असताना कॅमेरा लावणं अशक्य, म्हणून ज्यांनी ते केलं होतं त्यांनीच कॅमेऱ्यासमोर परत करून दाखवलं.

यावर आजही मुलं विचारतात की मग ही डॉक्युमेंटरी कशी? माझं मत स्पष्ट आहे. प्रसंग कुणी रचला, कुणाच्या आठवणीतून आला आणि तो करणाऱ्याचं काय पणाला लागलेलं होतं, हे बघायला पाहिजे. इथे करणारे तेच शेजारी, घर तेच, धोका अजून टळलेला नाही, पुढच्या महिन्यात परत बेलिफ येऊ शकतो. फ्लाहर्टीनेही आपल्या माणसांकडून प्रसंग करून घेतले, पण त्याने बऱ्याचदा त्यांना मागे पडलेल्या काळातलं जगणं करायला लावलं. बोरिनाजच्या लोकांनी आपलं चालू असलेलं जगणं केलं. हा फरक मला फार मोठा वाटतो.

आणि एका प्रसंगात तर शूटिंगच खरं होऊन बसलं. 1933 मध्ये कार्ल मार्क्सच्या मृत्यूला 50 वर्षं झाली, त्या निमित्ताने खाणकामगारांनी मार्क्सचं मोठं चित्र घेऊन मिरवणूक काढली होती. कॅमेऱ्यासाठी ती परत काढायचं ठरलं. तसबीर पुढे, मागे रांग, आणि लोक चालायला लागले. रस्त्याकडेच्या घरांतून माणसं बाहेर आली, त्यांना हे शूटिंग वगैरे काही वाटलं नाही, त्यांनी मुठी वर केल्या, गर्दी वाढत गेली आणि मिरवणूक मिरवणूकच झाली. शेवटी पोलिसांना मधे पडावं लागलं. हे फुटेज फिल्ममध्ये आहे. तो तुकडा बघताना चेहऱ्यांकडे बघा, अभिनय करणाऱ्या माणसाचा चेहरा असा नसतो.

मार्च 1934 मध्ये ब्रुसेल्सला क्लबच्या प्रेक्षकांसमोर फिल्म पहिल्यांदा दाखवली. थिएटरांची दारं तिला बंदच राहिली, बेल्जियममध्ये पण आणि नेदरलँड्समध्ये पण. फिल्म क्लब आणि कामगारांच्या सभा, एवढ्याच जागा मिळाल्या. इव्हन्स मॉस्कोला गेला आणि तिथे त्याने आवाज घालून, सोव्हिएत भागातली दृश्यं जोडून वेगळी आवृत्ती बनवली, म्हणजे इकडे अंधार आणि तिकडे उजेड असा तिचा सूर झाला. मला ती आवृत्ती विचाराने कमकुवत वाटते, कारण मूळ फिल्म बघणाऱ्याला कारणापाशी नेऊन उभं करते आणि ही त्याला तयार उत्तर देते. 1933 मध्ये सोव्हिएत युनियनमध्येच युक्रेनसारख्या भागात माणसं भुकेने मरत होती हे आज आपल्याला माहीत आहे, त्यामुळे तर ती जोडणी अजूनच खटकते.

स्टॉर्कचं पुढे काय झालं हा या प्रकरणाचाच भाग आहे. 1937 मध्ये त्याने ‘ले मेझों द ला मिझेर’ केली, झोपडपट्टीतल्या घरांवर, आणि यावेळी पैसा आला तो स्वस्त घरं बांधणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडून. मोरिस जोबेरचं संगीत, नट, नीट लावलेले दिवे. घर खाली करून घेण्याचा प्रसंग याही फिल्ममध्ये आहे, पण शेवटी नवी स्वच्छ घरं येतात, कारण पैसे देणाऱ्या संस्थेला तेच सांगायचं होतं. फिल्म चांगली आहे, काही दृश्यं तर बोरिनाजपेक्षा जास्त चटका लावतात, तरी दोष कुणाचा हे बोलायचं टाळलंय असं मला प्रत्येक वेळी वाटतं. पण मी त्याला फार नावं ठेवणार नाही. बेल्जियममध्ये फिल्म उद्योग म्हणावा असा काही नव्हता, पैसा द्यायला सरकारी खातं नाहीतर एखादी संस्था, आणि ज्या फिल्मला थिएटर मिळत नाही तिच्यावर कुणाचं घर चालत नाही. मन मारून काम करण्यापेक्षा त्याने जे मिळालं त्यात जीव ओतला. 1938 मध्ये तिरिफे आणि पिएर व्हर्मेलन यांच्याबरोबर बेल्जियमचं सिनेमाथेक, म्हणजे फिल्म्स जपून ठेवणारी संस्था, उभं केलं, जे आज जगातल्या मोठ्या फिल्म संग्रहांमध्ये धरलं जातं. बोरिनाजच्या मागे उभा राहिलेला क्लब द लेक्रां आणि हे सिनेमाथेक यांच्यामागची माणसं तीच, हे लक्षात ठेवण्यासारखं.

जर्मन ताब्यात देश असताना 1942 ते 44 मध्ये त्याने ‘सँफोनी पेझान’ केली, शेतकऱ्याच्या वर्षाचे चार ऋतू आणि एक लग्न. बघायला अतिशय देखणी. पण त्या काळात शेती, माती, परंपरा यांचं कौतुक ताबा घेतलेल्या जर्मनांना पण सोयीचं होतं, आणि फिल्म करायची तर त्यांच्या व्यवस्थेत राहूनच करावी लागत होती, त्यामुळे स्टॉर्कच्या त्या वर्षांवर इतिहासकारांनी प्रश्न उभे केलेत, आणि ते करायलाच पाहिजेत. बोरिनाज केली म्हणून माणसाचं पुढचं सगळं धुतल्या तांदळासारखं ठरत नाही. युद्धानंतर तो चित्रकलेवरच्या फिल्म्सकडे वळला, देल्व्हो, मग 1948 ची रुबेन्स, जी पॉल हासार्ट्सबरोबर केली आणि जिने चित्र समजावून सांगायला सिनेमा कसा वापरायचा हे दाखवलं. त्यावर वेगळं लिहिता येईल. आणि बेल्जियन दिग्दर्शिका शांताल आकर्मनची ‘ज्यान दिलमान’ ज्यांनी बघितलीये त्यांच्यासाठी, त्यात दारात येणारं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे म्हातारा आँरी स्टॉर्क. 1999 मध्ये तो गेला.

त्याच वर्षी पात्रिक ज्यां या बोरिनाजच्याच मुलाने स्टॉर्कला पत्र लिहिल्यासारखी एक फिल्म केली, ‘लेझांफां द्यु बोरिनाज’. खाणी तोपर्यंत कधीच बंद झाल्या होत्या, बोरिनाजची शेवटची खाण 1976 मध्ये मिटली. कॅमेरा परत त्याच भागातल्या घरांत गेला आणि ओल, कोंदट खोल्या, काम नसलेली माणसं तिथे होतीच, फक्त आता समोर संप करायला मालक पण नव्हता. ज्यांना या प्रकरणात रस वाटला त्यांनी आधी 1933 ची फिल्म बघावी, आणि 1963 मध्ये फ्रेंच निवेदन घातलेली आवृत्ती मिळाली तर ती नंतर ठेवावी, आधी मूक बघावी. पहिल्या वेळी मधे थांबवू नका, संगीत लावू नका. मग ‘ले मेझों द ला मिझेर’ आणि मग पात्रिक ज्यांची फिल्म, या क्रमाने. तिन्हीमध्ये कॅमेरा खोलीत शिरल्यावर पहिल्यांदा कुठे बघतो तेवढंच टिपत गेलात तरी फिल्म शिकणाऱ्याला पुष्कळ हाती लागेल.